इंग्रजी शब्दांची वही कशी भरावी: नववी ते बारावीच्या गोमंतकीय विद्यार्थ्यांसाठी

गोव्यातल्या अनेक घरांत मूल कोकणीत बोलते, प्राथमिक शाळेत मराठीतून शिकते आणि पाचवीत गेल्यावर गणित, विज्ञान, समाजशास्त्र या सगळ्याच विषयांची इंग्रजी पुस्तके एकदम हातात घेते. आठवीपर्यंत ते निभावून नेते, कारण तोवर लागणारे इंग्रजी बहुतांशी रोजच्या वापरातले असते. नववीपासून अडचणीचे स्वरूप बदलते. वाक्यातले सगळे लहान शब्द कळतात, परंतु ज्या एका शब्दावर ते वाक्य तोललेले असते तोच नेमका निसटतो, आणि उत्तर ठाऊक असूनही प्रश्नच उमगत नाही. या टप्प्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे मार्गदर्शन आहे.

आरंभीच एक कबुली दिलेली बरी. अकरावीत असताना मी एका मार्गदर्शिकेतील पाचशे कठीण शब्दांची यादी महिनाभरात पाठ केली होती आणि ती कुठे वापरायला मिळते याची वाट पाहत होतो. आजीवरील निबंधात ‘ओल्ड’ हा शब्द फारच साधा वाटला, म्हणून तिथे ‘ऑब्सोलीट’ लिहिला. सरांनी समासात तांबड्या शाईने एवढेच विचारले, की आजीचे नवे मॉडेल बाजारात आले आहे काय? यंत्रे, शस्त्रे, कायदे आणि पद्धती कालबाह्य होतात, माणसे होत नाहीत, हे यादीत कुठेही लिहिलेले नव्हते. अर्थ पाठ होता, शब्द मात्र आलेला नव्हता. त्या यादीतले बाकीचे शब्द पुढच्या चतुर्थीपर्यंत मी विसरूनही गेलो होतो.

म्हणून यादी विकत घेण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते मोजावे. नवहिंद टाइम्स किंवा हेराल्ड यांसारख्या इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घ्यावा, आरंभापासून शंभर शब्द मोजून तिथे रेघ मारावी आणि त्या मजकुरातील अनोळखी शब्द पेन्सिलीने अधोरेखित करावेत. ज्याचा अंदाज येतो पण अर्थ सांगता येत नाही, तो शब्दही अनोळखीच धरावा. इथे स्वतःला सवलत दिली तर मोजणीला काही अर्थ उरत नाही. न्यूझीलंडमधील भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, कोणाच्याही मदतीशिवाय वाचून नीट समजण्यासाठी मजकुरातील सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, आणि कादंबऱ्या व वृत्तपत्रे त्या सहजतेने वाचण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुले लागतात. शब्दकुल म्हणजे एका मूळ शब्दाचा सारा गोतावळा: ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’, ‘अनडिसायडेड’ हे सगळे मिळून एक कुल. हा आकडा पाहून दडपून जाऊ नये. तो बारावीपर्यंत गाठायचा नसून आयुष्यभर वाचत गेल्यावर गाठला जातो. तुमच्या शंभर शब्दांत तीन ते पाच रेघा आल्या, तर तो मजकूर शिकण्यासाठी अगदी योग्य आहे. दहाहून अधिक आल्या, तर काही महिने अग्रलेख बाजूला ठेवून स्थानिक बातम्यांचे पान वाचावे, त्यात कमीपणा नाही. अधोरेखित केलेले कात्रण तारीख घालून वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवून ठेवावे, ते पुढे लागणार आहे.

पुढची पायरी निवडीची आहे, आणि बहुतेक विद्यार्थी इथेच चुकतात, कारण अडलेला प्रत्येक शब्द ते वहीत उतरवून घेतात. अडलेल्या शब्दांचे तीन ढीग करावेत. पहिल्या ढिगात रोजच्या इंग्रजीतले राहून गेलेले शब्द जातील. ते आधी भरून काढावेत. दुसऱ्या ढिगात एकेका विषयाचे पारिभाषिक शब्द जातील. ‘ऑस्मोसिस’ जीवशास्त्राच्या तासाला आणि ‘इस्च्युअरी’ भूगोलाच्या तासाला शिकवला जाणारच आहे, त्यासाठी वेगळी वही नको. तिसऱ्या ढिगात असे शब्द उरतात, जे सगळ्या विषयांत फिरत असतात आणि कोणताच शिक्षक ते आपले मानून शिकवत नाही: ‘सिग्निफिकंट’, ‘इम्प्लाय’, ‘सस्टेन’, ‘कॉन्ट्राडिक्ट’, ‘अँबिग्युअस’. प्रगत शब्दसंग्रह म्हणतात तो मुख्यतः हाच. वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठातील अ‍ॅव्हेरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये अशा ५७० शब्दकुलांची यादी प्रसिद्ध केली. विद्यापीठीय लेखनातील सुमारे दहा टक्के शब्द या एवढ्याशा यादीतून येतात. ती इंटरनेटवर विनामूल्य मिळते आणि क्रमाने दहा भागांत विभागलेली आहे. पहिल्या भागात सर्वाधिक वापरातले शब्द आहेत. आठवड्याला दहा शब्दकुले या गतीने ती साधारण तेरा महिन्यांत संपते. याहून अधिक वेग धरू नये. रोज वीस शब्दांचा संकल्प करणारी मुले मी दरवर्षी पाहतो, आणि तो जुलै उजाडण्याआधीच सुटलेला असतो.

यादी हातात असली तरी शब्द यादीतून उचलू नये, वाचनातून उचलावा. यादीचे काम फक्त कौल देण्याचे: बातमीत भेटलेला शब्द त्या यादीत असेल तर तो वहीत घ्यावा, नसेल तर पुढे वाचत जावे.

आता वहीचे एक पान जवळून पाहू. शब्द आहे ‘रिलक्टंट’. इंग्रजी–मराठी शब्दकोश अर्थ देतो ‘नाखूश’, आणि बहुतेक वह्यांत बरोबरीचे चिन्ह काढून तेवढेच लिहिलेले असते. परंतु परीक्षेत नापास झालेला मुलगा नाखूश असतो, तो ‘रिलक्टंट’ नसतो. वादळी पावसात फेरीबोट सोडायला सांगितल्यावर आभाळाकडे पाहत, दोर सोडू की नको करत उभा असलेला चालक ‘रिलक्टंट’ असतो. मराठीत यासाठी एक नेमका वाक्प्रचार आहे, तो म्हणजे आढेवेढे घेणे. वहीत तोच लिहावा. विशेषणाला विशेषणच प्रतिशब्द मिळाले पाहिजे असा नियम नाही, आणि अशा वेळी ज्याचे मराठी वाचन चांगले आहे त्याला इंग्रजी शब्दही लवकर वश होतो, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे.

त्याखाली उच्चार लिहावा आणि आघात, म्हणजे बोलतानाचा जोर, दुसऱ्या अवयवावर, म्हणजे शब्दाच्या दुसऱ्या उच्चारी तुकड्यावर, असल्याची खूण करावी. मग कुल लिहावे: ‘रिलक्टन्स’ हे नाम, ‘रिलक्टंटली’ हे क्रियाविशेषण. मग सोबती लिहावेत: या शब्दानंतर ‘टु’ आणि क्रियापद येते, आणि नाम वापरताना ‘विथ ग्रेट रिलक्टन्स’ अशी जोडी रूढ आहे. मग शेजारी लिहावेत. ‘अनविलिंग’ माणूस तयारच नसतो, तर ‘रिलक्टंट’ माणूस बहुधा शेवटी ते काम करतो, पण मन मागे ओढत असते. ‘रेटिसंट’ हा ऐकायला जवळचा वाटला तरी त्याचा अर्थ मितभाषी असा आहे, आणि या दोहोंत चांगले लिहिणारेही गोंधळ करतात. शेवटी ज्या वाक्यात शब्द भेटला ते वाक्य जसेच्या तसे उतरवावे आणि त्याखाली स्वतःचे एक वाक्य लिहावे, ज्यात आपले घर, आपले गाव, आपली शाळा असेल. एका शब्दाला अर्धे पान आणि दहा मिनिटे लागतात. दोनशेपानी वही त्यामुळे लवकर भरेल, परंतु तेवढा खर्च मार्गदर्शिकेच्या किमतीपेक्षा कमीच आहे.

शब्दकोशाविषयी थोडे सांगितले पाहिजे. इंग्रजी–मराठी शब्दकोश घरात असावाच, पण या वहीसाठी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता मुद्दाम तयार केलेला इंग्रजी–इंग्रजी शब्दकोश लागतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज, लाँगमन या तिघांचेही असे कोश आहेत आणि ते इंटरनेटवर विनामूल्य पाहता येतात. लाँगमनने १९७८ मधील आपल्या कोशात सगळ्या व्याख्या सुमारे दोन हजार सोप्या शब्दांतच लिहिण्याचा पायंडा पाडला, त्यामुळे एक शब्द शोधताना आणखी तीन शब्द शोधावे लागत नाहीत. मोबाइलवरचे भाषांतराचे साधन घाईत उपयोगी पडते. वहीसाठी ते चालत नाही, कारण ते सोबती आणि शेजारी दाखवत नाही.

यापुढची पायरी मला सर्वांत आवडते, म्हणून तिथे थोडे रेंगाळतो. इंग्रजीतले बहुतांश प्रौढ शब्द लॅटिनमधून, काही थेट तर काही फ्रेंचमार्गे आलेले आहेत, आणि पोर्तुगीज ही तर लॅटिनचीच लेक. त्यामुळे गोव्यातल्या मुलाच्या तोंडी ही मुळे गावांच्या नावांतून आधीच बसलेली असतात. ती फक्त त्याला कोणी दाखवलेली नसतात. मिरामार म्हणजे ‘मार’ अर्थात समुद्र पाहणे. ‘मार’ ओळखला की ‘मरीन’, ‘मेरिटाइम’, ‘सबमरीन’ उलगडतात. ‘मिरा’च्या मागचे लॅटिन क्रियापद आश्चर्याने पाहण्याचे आहे, त्यातून ‘मिरर’, ‘मिरॅकल’ आणि ‘अ‍ॅडमायर’ निघाले. १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वाद किल्ल्याचे नाव तिथे जहाजांना मिळणाऱ्या गोड्या पाण्यावरून पडले, आणि त्याच पाण्याच्या शब्दातून ‘अ‍ॅक्वाटिक’ व ‘अ‍ॅक्विडक्ट’ आले. आल्तिनो ही पणजीतली उंचावरची जागा. तिच्याच मुळाचा ‘अल्टिट्यूड’. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे या आमच्या तालुक्यांना पोर्तुगीज ‘नोवास कोंकिश्तास’ म्हणत, म्हणजे नव्या काबिजादी. त्यातला ‘नोवा’ आणि आपला संस्कृत ‘नव’ ही सख्खी भावंडे आहेत, आणि ‘नॉव्हिस’, ‘रेनोव्हेट’, ‘इनोव्हेशन’ हा त्यांचा इंग्रजी परिवार.

काब द रामचे उदाहरण तर वर्गात कधीच फसत नाही. ‘काब’ म्हणजे भूशिर, आणि त्याच्या मुळाशी आहे डोक्यासाठीचा लॅटिन शब्द ‘कापुट’. इंग्रजीतले ‘कॅप्टन’, ‘कॅपिटल’, ‘डिकॅपिटेट’ त्याच डोक्यातून आले. अर्थशास्त्रात ‘पर कॅपिटा इन्कम’ येते तेव्हा मुले ते घोकतात, पण मराठीत आपण त्याला दरडोई उत्पन्न म्हणतो हे आठवून दिले की घोकण्यासारखे काही उरतच नाही. कॅपिटा म्हणजे डोई. आणि ‘भूशिर’ या मराठी शब्दातही शिर आहेच!

संस्कृतची वाट याहून रुंद आहे. म्हादई नदीच्या पाण्यावरून चाललेल्या वादाच्या बातम्या गोव्यात वर्षानुवर्षे रोज छापून येतात; २०१० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये त्याचा निवाडा आला, तरी वाद मिटलेला नाही. त्या बातम्यांत ‘डायव्हर्ट’, ‘कॉन्ट्रोव्हर्सी’, ‘अ‍ॅडव्हर्स’, ‘रिव्हर्स’ हे चार शब्द सतत भेटतात. चारही शब्दांच्या पोटात वळणे या अर्थाचे एकच लॅटिन क्रियापद आहे: पाणी दुसरीकडे वळवणे, एकमेकांच्या विरुद्ध वळणे, प्रतिकूल होणे, उलटे फिरणे. हेच मूळ संस्कृतात ‘वृत्’ या धातूच्या रूपाने आहे, म्हणून आपल्याकडे वर्तुळ, परिवर्तन, निवृत्ती आणि आवृत्ती हे शब्द आहेत. ‘व्हर्जन’ला आवृत्ती म्हणणारा माणूस नकळत त्याच धातूवर येऊन उभा राहतो. अशी आणखी मुळे वहीच्या मागच्या बाजूला जमवत जावीत: ‘स्था’वरून स्टेबल, स्टेटस, ऑब्स्टॅकल, ‘ज्ञा’वरून कॉग्निशन, रेकग्नाइझ, इग्नोरन्ट, ‘युज्’वरून जंक्शन, ‘जन्’वरून जेनेटिक आणि इंडिजिनस, ‘वाच्’वरून व्होकल, अ‍ॅडव्होकेट, प्रोव्होक आणि खुद्द ‘व्होकॅब्युलरी’. इथे ‘वरून’ म्हणताना संस्कृतातून इंग्रजीत गेले असे समजू नये. दोन्ही भाषांनी ते एकाच प्राचीन वाडवडिलांकडून घेतले आहेत, इतकेच. थेट आपल्याकडून गेलेला शब्द हवा असेल तर ‘मंगूज’ आहे, तो मराठी मुंगसाचाच.

मात्र मुळावरून काढलेला अर्थ हा अंदाज असतो, निर्णय नव्हे. ‘इन्’ हा उपसर्ग नकार दाखवतो असे शिकलेला विद्यार्थी ‘इनव्हॅल्युएबल’चा अर्थ कवडीमोल असा करतो, जेव्हा तो शब्द अनमोल या अर्थाचा आहे. टँकरवर लिहिलेल्या ‘इन्फ्लेमेबल’चा अर्थ पेट न घेणारा असा समजणे तर जिवावरच बेतेल. अंदाज करावा, आणि कोश उघडून तो तपासावा.

सोबत्यांचा उल्लेख वर आला, तो आता स्पष्ट करतो. मराठीत दही घट्ट असते, जंगल दाट असते आणि पुस्तक जाड असते. इंग्रजीत या तिन्हींना एकच ‘थिक’ पुरतो. उलट आपल्याकडे चहाही कडक, ऊनही कडक आणि शिस्तही कडक; इंग्रजीत पहिला ‘स्ट्राँग’, दुसरे ‘हार्श’, तिसरी ‘स्ट्रिक्ट’. आपल्या जोरदार पावसाला इंग्रजी ‘स्ट्राँग’ म्हणत नाही, ‘हेवी’ म्हणते, वाऱ्याला मात्र ‘स्ट्राँग’ म्हणते. यामागे तर्क शोधू नये. जंगलाला घट्ट का म्हणत नाहीत याचे उत्तर आपल्याकडे तरी कुठे आहे? जोडी जशी भेटली तशी उतरवून घ्यावी, आणि वहीत एकटा शब्द कधीही लिहू नये. शब्दयोगी अव्ययांचेही तसेच. ‘डिस्कस’नंतर ‘अबाउट’ येत नाही, हे आपल्यापैकी अनेकांना नोकरीच्या मुलाखतीपर्यंत कोणी सांगितलेले नसते.

उच्चाराकडे गोव्यात अकारण दुर्लक्ष होते. मराठीत आघात बदलल्याने अर्थ बदलत नाही, म्हणून आपला कान त्याकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर असतो. कोशातील ध्वनिचिन्हावर बोट ठेवून शब्द दोनदा ऐकावा आणि मोठ्याने म्हणावा. एवढे पुरे.

लिहिलेले टिकवण्यासाठी उजळणीची शिस्त लागते. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून विस्मरणाचा वेग मोजला आणि तो अभ्यास १८८५ मध्ये प्रसिद्ध केला. पाठ केलेले पहिल्या दिवसभरात सर्वाधिक गळते आणि नंतर गळती मंदावते, हे त्याला दिसले. म्हणून उजळणी आरंभी दाट आणि पुढे विरळ ठेवावी. यासाठी सेबास्टियन लाइट्नर या जर्मन लेखकाने १९७० च्या दशकात सुचवलेली खोक्याची पद्धत अजूनही उत्तम चालते. मिठाईचे किंवा काजूचे रिकामे खोके घ्यावे, पुठ्ठ्याच्या पट्ट्या लावून त्यात पाच कप्पे करावेत, आणि जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापून चिठ्ठ्या कराव्यात. चिठ्ठीच्या एका बाजूला शब्दाची जागा रिकामी सोडून वाक्य लिहावे, दुसऱ्या बाजूला शब्द लिहावा. पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने आणि पाचवा महिन्याने पाहावा. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, न आठवल्यास कुठूनही थेट पहिल्यात परत येते. उलटी बाजू पाहून ‘हो, येत होता’ असे म्हणणे म्हणजे न येणेच. हीच पद्धत मोबाइलवरील अ‍ॅन्कीसारख्या अ‍ॅपमध्ये आयती मिळते, आणि कदंबच्या बसमधून रोज तासभर प्रवास करणाऱ्यांना ती सोयीची पडेल. पण चिठ्ठी स्वतः लिहिण्यात जो शब्द मुरतो तो आयत्या संचात मुरत नाही, असे माझे मत आहे.

वापराची पायरी आठवड्यातून एकदाच घ्यावी. रविवारी सुमारे सव्वाशे शब्दांचा एक परिच्छेद लिहावा, विषय कोणताही चालेल, अट एवढीच की त्या आठवड्यातील चार शब्द त्यात स्वाभाविकपणे यावेत. मग प्रत्येक शब्दाला विचारावे की हा इथे माणसासाठी आला आहे की वस्तूसाठी, स्तुतीत आला आहे की निंदेत. ‘फेमस’ आणि ‘नटोरियस’ दोघेही प्रसिद्धच असतात, पण दुसरा कुप्रसिद्ध. ‘चाइल्डलाइक’ माणूस निरागस असतो आणि ‘चाइल्डिश’ माणूस पोरकट. शब्द काढून साधा शब्द घातल्यावर वाक्यात काहीच बिघडत नसेल, तर साधाच ठेवावा. परिच्छेद इंग्रजीच्या शिक्षकांना दाखवता आला तर उत्तम, नाहीतर एखाद्या वर्गमित्राशी वही बदलून घ्यावी.

वाचायला काय घ्यावे, हा प्रश्न पालक विचारतात. पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याची स्थापना १८३२ ची, म्हणजे ते देशातील सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक आहे. पणजीला जाणे जमत नसेल, तर तालुक्याचे किंवा गावचे वाचनालय गाठावे. पुस्तक निवडताना शंभर शब्दांची तीच कसोटी मधल्याच एका पानावर लावावी. दोन-तीन रेघांचे पुस्तक घरी न्यावे. एकाच विषयावरचे लेखन काही आठवडे सलग वाचल्यास तेच शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. क्रिकेट, मासेमारी, खारफुटी, अंतराळ, ज्याची आवड असेल तो विषय चालतो. मी एका विद्यार्थिनीला महिनाभर केवळ समुद्रकिनाऱ्यांच्या धूपीविषयीच्या बातम्या वाचायला सांगितल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात ‘इरोड’, ‘मिटिगेट’ आणि ‘इर्रिव्हर्सिबल’ हे शब्द ती कोश न उघडता वापरू लागली, आणि शेवटच्या शब्दात ‘वृत्’ सापडल्याचे मला तिनेच येऊन सांगितले.

तीन महिन्यांनी वहीच्या शेवटच्या पानावरचे कात्रण पुन्हा काढावे आणि त्यातल्या अधोरेखित शब्दांपैकी किती आता मराठीत समजावून सांगता येतात ते पाहावे. मग त्या दिवशीच्या अग्रलेखातले शंभर शब्द मोजून नवे कात्रण त्याशेजारी चिकटवावे. जुन्या कात्रणातले जे शब्द अजूनही अडतात, त्यांच्या चिठ्ठ्या त्याच संध्याकाळी खोक्याच्या पहिल्या कप्प्यात टाकाव्यात.